माती चिनी, घाट वेळूचा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आज मला मिळत आहे, आणि तोही आपल्या चित्रकलेच्या मास्तरांच्या स्मृतिव्याख्यानात. संयोजकांनी दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा संतवाङ्मय किंवा दखनी आणि मराठीचा अनुबंध असे काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, ‘वेळूच्या आसनांवरून घडवलेली जुनी चिनी भांडी आणि त्यांचा संग्रह.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी अदबीने विचारले, ‘सर, हे मास्तरांशी संबंधित आहे ना?’ संबंधित आहे. किंबहुना मास्तरांविषयी मला जे सांगायचे आहे, ते या भांड्यांवाचून सांगताच येणार नाही.

१९६२ साली मी या शाळेत सातवीत होतो. त्या वर्षी मास्तर आमचा वर्ग सालारजंग संग्रहालय पाहायला घेऊन गेले. तेव्हा ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत नव्हते. तिथे ते १९६८ साली गेले. तिसरे सालारजंग, म्हणजे मीर यूसुफ अली खान, १९४९ साली निवर्तले. त्यांनी जमवलेला संग्रह त्यांच्याच दिवाण देवडीत मांडून १९५१ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते जनतेला खुला झाला होता. आम्ही मुले अर्थातच घड्याळाचे टोले ऐकायला धावलो. मास्तरांनी आम्हाला चिनी भांड्यांपाशी उभे केले. फिकट हिरव्या झिलईची मोठी ताटे होती. विषारी अन्न वाढले तर हे ताट रंग बदलते, असे तिथल्या रखवालदाराने सांगितले. आमचे डोळे विस्फारले. मास्तर हळूच म्हणाले, ‘तसे असते, तर राजांनी आधी घास चाखून पाहणारे नोकर कशाला ठेवले असते?’ ऐकलेले तपासून पाहावे, हा संस्कार माझ्यावर प्रथम झाला तो तिथे.

आपल्या घरात ‘चिनीमाती’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातला चीन देश आपल्याला दिसतच नाही. लोणच्याची बरणी चिनीमातीची, कपबशी चिनीमातीची. परंतु खरे पोर्सिलीन हे साध्या कुंभारकामापासून फार दूरचे प्रकरण आहे. चीनच्या जिआंग्शी प्रांतात जिंगदेझेन नावाचे गाव आहे. सुंग सम्राट चेनत्सुंग याच्या ‘जिंगदे’ या राजवर्षनामावरून १००४ साली त्या गावाला हे नाव मिळाले. जवळच्या गाओलिंग या ठिकाणची पांढरी माती आणि दळलेला एक विशिष्ट दगड यांचे मिश्रण सुमारे तेराशे अंश तपमानाला भाजले की ते काचेसारखे घट्ट होते. टिचकी मारली की घणघणते. त्या गाओलिंगवरूनच ‘केओलिन’ हा शब्द जगभर गेला. फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याने १७१२ आणि १७२२ साली तेथून मायदेशी दोन पत्रे धाडली. एकेक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर कारागिरांच्या हातांखालून जाते, असे त्याने नोंदवले आहे. त्या सत्तरांपैकी एकाचेही नाव भांड्यावर नसते. तळाशी नाव असते ते सम्राटाचे.

आता वेळूकडे वळू. चिनी माणसाच्या मनात वेळूला केवढे स्थान आहे हे आपण जाणता. मोहोर, आमरी, वेळू आणि शेवंती हे त्यांचे ‘चार सज्जन’. देवदार, वेळू आणि मोहोर हे ‘हिवाळ्याचे तीन सखे’. वेळू आतून पोकळ, म्हणून निरहंकारी. वाकतो पण मोडत नाही, म्हणून धीराचा. चिनी भाषेत वेळूच्या पेराला जो शब्द आहे, ‘जिए’, त्याचाच दुसरा अर्थ सचोटी, शील. भाषेच्या विद्यार्थ्याला इथे आपला शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू, आणि ‘वंश’ म्हणजे कुळही. एका संस्कृतीला वेळूच्या गाठीत शील दिसले, दुसरीला पेरामागून पेर वाढताना पिढ्या दिसल्या. या दोन अर्थांकडे मी शेवटी परत येणार आहे.

ठिपक्यांच्या वेळूची त्यांची एक कथा आहे. शुन नावाचा पुराणपुरुष सम्राट दूर दक्षिणेत मरण पावला. त्याच्या दोघी राण्या, ओहुआंग आणि न्यूयिंग, नदीकाठी रडत राहिल्या. त्यांचे अश्रू वेळूंवर पडले आणि त्यांचे डाग कायमचे उमटले. या ठिपकेदार वेळूच्या खुर्च्या आणि तिवया राजवाड्यापर्यंत पोहोचल्या. पण एरवी वेळूचे सामान हे साध्या घरातले, अंगणातले, चहाच्या टपरीतले. स्वस्त, हलके आणि अल्पायुषी. कीड लागते, ओल लागते, शंभर वर्षांत त्याची माती होते. म्हणूनच फार जुने वेळूचे सामान आज जवळजवळ उरलेले नाही. ते कसे होते हे आपल्याला कळते चित्रांवरून, आणि दुसऱ्या द्रव्यांत केलेल्या त्याच्या अनुकृतींवरून.

अनुकृती प्रथम लाकडाने केली. मिंग आणि चिंग काळातल्या कठीण लाकडाच्या मेजांना गोल पाय असतात आणि आडवी पट्टी त्या पायांना बाहेरून वेढा घालून गेल्यासारखी कोरलेली असते. लाकडाला या वेढ्याची काहीएक गरज नाही. ती गरज वेळूची. वेळूच्या कामात आडव्या काठीला खाच पाडतात, विस्तवावर धरून मऊ करतात आणि उभ्या पायाभोवती वळवून आणतात. सुताराने ती युक्ती रूप म्हणून उचलली. मातीनेही तेच केले. बागेत बसायची चिनीमातीची जी ढोलाच्या आकाराची आसने असतात, ती साधारण गुडघ्याएवढी उंच, त्यांच्या वरच्या आणि खालच्या कडेला बुंदक्यांची रांग असते. ढोलाचे कातडे ठोकणाऱ्या खिळ्यांच्या त्या खुणा. अंगावर जी लंबगोल भोके असतात, ती वेत वाकवून केलेल्या जुन्या आसनांतल्या मोकळ्या जागांची आठवण, असे जाणकार मानतात. म्हणजे एकाच आसनात ढोल आहे, वेत आहे आणि आहे मात्र सगळी माती.

सम्राट कांगशीच्या काळात, म्हणजे १७२२ पर्यंत, झिलईविना एकदा भाजलेल्या भांड्यावर हिरवा, पिवळा आणि वांगी रंग चढवून ते कमी आचेवर पुन्हा भाजण्याची पद्धत बहरली. हिरवा तांब्याचा, पिवळा लोहाचा, वांगी मँगनीजचा. या रंगांत वेळूच्या कांड्यांची जुडी बांधल्यासारख्या किटल्या झाल्या, कान आणि तोटी वेळूच्या फांदीसारखी. पुढे १७२८ साली तांग यिंग हा अधिकारी जिंगदेझेनच्या शाही भट्ट्यांवर आला. त्याला या कामातले काही कळत नव्हते. त्याने इतर सर्व भेटीगाठी बंद केल्या आणि तीन वर्षे कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्यातच राहिला. नंतर तोच या कलेतला सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. त्याच्या देखरेखीखाली माती काहीही होऊ लागली: लाकूड, कांसे, लाख, दगड, शिंपला आणि वेळू. १७७४ साली चू येन या लेखकाने चिनी मातीकामावर ग्रंथ लिहिला. त्यातही या नानाविध अनुकृतींची नोंद आहे.

ही हौस पश्चिमेतही पोहोचली. ब्रायटनच्या राजप्रासादात तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिडाचा जिना ओतून तो वेळूसारखा रंगवला. संग्रहाच्या वेडाविषयी काय सांगावे? सॅक्सनीचा ऑगस्टस याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्या सैनिकांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

आता मी माझ्या मूळ विषयाकडे येतो.

संग्रहालयाच्या सहलीनंतर काही दिवसांनी मास्तर वर्गात एक लहानशी किटली घेऊन आले. हिरवी, वीतभर उंचीची, वेळूच्या कांड्यांची जुडी बांधल्यासारखी. तोटी तुटलेली, झाकण नव्हतेच. पोलीस कारवाईनंतर, जहागिऱ्या गेल्यावर, शहरातल्या कित्येक देवड्यांमधले सामान बाजारात आले होते. चांगले ते मोठ्या गिऱ्हाइकांनी नेले. टवके उडालेले, तुटलेले ते गुरुवारच्या जुमेरात बाजारात जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर आले. मास्तर ते घेत. त्यांच्या पगारात तेवढेच बसे. त्यांनी फळ्यावर वेळूची काठी काढली आणि ती पायाभोवती कशी वळवतात हे दाखवू लागले: खाच किती खोल पाडायची, आच कुठे द्यायची, सालीचा भाग बाहेर का ठेवायचा. बोटे अशी चालत होती की जणू हातात काठीच आहे.

मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘मास्तर, तुम्हांला बुरडाचं काम कसं हो येतं?’

वर्ग हसला. मास्तर वळले. म्हणाले, ‘माझे वडील तेच करीत. आजोबाही. मी दहा वर्षांचा होईपर्यंत मीही केलं.’ आणि फळ्याकडे वळून त्यांनी राहिलेली आकृती पुरी केली.

त्या दिवशी जे हसले, त्यांत मी होतो. प्रश्न विचारणारा मी नव्हतो, हे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. त्या सांगण्यात काही अर्थ नाही. आमच्या घरी धान्य पाखडायचे सूप, भाकरीची दुरडी, पूजेची परडी त्याच हातांनी विणलेली होती, आणि त्या हातांचा मुलगा आम्हाला चित्रकला शिकवतो हे आम्हाला हसण्यासारखे वाटले. वेळूच्या आसनाची नक्कल सम्राट करवून घेतो, आणि ते आसन विणणाऱ्याला आपण दाराबाहेर ठेवतो, ही विसंगती बारा वर्षांच्या मुलाला कळली नाही म्हणावे, तर मोठ्यांनाही ती कुठे कळत होती?

पुढे मी मराठी साहित्याचा अध्यापक झालो. काव्यशास्त्र शिकवताना मला ती किटली पुन्हापुन्हा आठवे. नटाला पाहून प्रेक्षक ‘हा राम’ असे म्हणतो, ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशयाचे नव्हे आणि केवळ सादृश्याचेही नव्हे. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तसे ते आहे, असे श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्ताने नोंदवले आहे. विद्यार्थ्यांना हा चित्रतुरगन्याय पचनी पडत नसे. मी त्यांना भांड्याचे उदाहरण देई. निळ्या रंगाने भांड्यावर वेळू चितारला, तर ते वर्णन. भांड्याला वेळूचा घाट दिला, तर ते रूपक: मुख आणि चंद्र यांचा अभेद, पण दोन्ही आहेत याची जाण कायम. आणि वेळूचा रंग, डाग, साल हे सारे इतके हुबेहूब केले की हात लावेपर्यंत माती ओळखूच येऊ नये, तर तो भ्रांतिमान. परंतु भ्रांतिमान अलंकारातही कवी फसवत नाही. फसण्याची गंमत तो वाचकाबरोबर वाटून घेतो. हात लावताच माती थंड लागते. कारागिराला तेच हवे असते.

फसवणूक वेगळी. ती मी पैसे मोजून शिकलो.

१९८९ साली एका दुसऱ्या शहरात व्याख्यानासाठी गेलो असता एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला चिनीमातीचे आसन दिसले. दुकानाचे नाव घेत नाही. हिरवे-पिवळे, उभ्या वेळूंना वेताचा वेढा दिल्यासारखे. विक्रेत्याने ते उलटे करून तळाची निळी मुद्रा दाखवली. ‘चियेनलुंग बादशहाची, अठरावे शतक,’ म्हणाला. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी किंमत. मी ती दिली. खरे सांगायचे तर मला ते आसन हवे होते त्याहून अधिक ते मास्तरांना दाखवायचे होते. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या हसण्याची भरपाई मी एका महाग वस्तूने करू पाहत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मास्तर तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. दृष्टी मंदावली होती. त्यांनी आसनावरून हात फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अरे, या वेळूला डोळे सगळे एकाच बाजूला आहेत.’

मला समजेना. त्यांनी समजावले. वेळूच्या प्रत्येक गाठीवर अंकुराचा डोळा असतो. तो एकाआड एक येतो, एका पेराला या बाजूला, पुढच्याला त्या बाजूला. गाठीला वळी एक नसते, दोन असतात: खालची, जिथून पानाचे आवरण गळून पडते ती, आणि वरची. बुंध्याकडची कांडी आखूड, वर जावे तशी लांब. माझ्या आसनावर सगळी कांडी एका मापाची, गाठीला एकच वळी, आणि वेताचा वेढा असा की खऱ्या वेतात तो पहिल्याच दिवशी सुटावा. ‘जुन्या कारागिराच्या दारात वेळूचं बेट होतं,’ मास्तर म्हणाले. ‘यानं वेळू पाहिलेला नाही. यानं भांड्याचं चित्र पाहिलं आहे.’

मी तळाची मुद्रा दाखवली. ते हसले. मुद्रा कोणालाही लिहिता येते, म्हणाले. आणि ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चिनी कुंभारांनीही कांगशीच्या मुद्रा सर्रास लिहिल्या. काही पूर्वसूरींच्या आदरापोटी, काही विक्रीसाठी. मुद्रा हा पुरावा नव्हे, ते केवळ विधान आहे. घाटावरूनही शेवटचा निर्णय होत नाही, हे मास्तरांनीच सांगितले. खरा जुना कारागीरही कधी वेळू ठोकळेबाज करतो. म्हणून त्यांनी भिंग मागवले. तळाच्या कडेवर झीज होती. परंतु दीडशे-दोनशे वर्षे फरशीवर सरकवलेल्या वस्तूला सर्व दिशांनी ओरखडे पडतात. इथे सारे ओरखडे एकाच दिशेचे, काचकागदाने घासल्यासारखे. भोकांच्या कडेला काळपट मळ होता. ओल्या फडक्याने तो निघाला. चहाचा रंग होता तो.

मी खजील झालो. मास्तरांनी त्यांचा हात आसनावरच ठेवला होता. म्हणाले, ‘भांडं खोटं नाही रे. कुणीतरी मेहनतीनं केलं आहे. खोटी आहे ती तारीख.’ आणि थोड्या वेळाने, ‘बसायला मात्र चांगलं आहे. बस.’

मी त्यावर बसलो, आणि १९६२ सालच्या त्या हसण्याविषयी बोललो. मास्तरांना तो दिवस आठवत होता. त्यांनी क्षमा केली वगैरे काही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, ‘तू हसलास, आणि नंतर वहीत ती आकृती बरोबर काढलीस. खाचेची खोली फक्त तुझ्याच वहीत बरोबर होती.’

मित्रहो, संग्रह करावा की नाही, असे मला विद्यार्थी विचारतात. मी मास्तरांच्या पद्धतीने उत्तर देतो. आधी वस्तू उलटी करून पाहा. तळ, कडा, झीज पाहा. मग आणखी एक प्रश्न विचारा, जो दुकानात कोणी विचारत नाही: ही इथवर आली कशी? १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. इंग्रजांच्या त्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या. तिथली भांडी जगभर विखुरली. आपल्या देशातही १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला तो पुरावस्तू मानतो आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर नेण्यास मनाई करतो. तेव्हा जुनी वस्तू हाती असणे म्हणजे तिची मालकी नव्हे. ती राखण आहे. सुंदर वस्तूचा इतिहास सुंदरच असतो असे नाही, आणि तो झाकून ठेवला तर मास्तरांनी चहाचा रंग पुसला, तसा कोणीतरी तो पुसतोच.

मास्तर १९९६ साली गेले. त्यांच्या संग्रहात अकरा नग होते. एकही अखंड नव्हता, आणि प्रत्येकावर कुठे ना कुठे वेळूचे पेर होते. त्यांच्या घरच्या मंडळींनी ते या शाळेला दिले. आपल्या ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ते आहेत. माजी विद्यार्थी येतात, त्यांकडे पाहून पुढे जातात, कारण त्यांवर लिहिले आहे फक्त ‘चिनी भांडी, देणगी’. मी संस्थेला विनंती केली होती आणि ती मान्य झाली याचा मला आनंद आहे. आजपासून प्रत्येक नगापाशी चिठ्ठी असेल: वस्तू काय, मोडली कुठे, काळाचा अंदाज कशावरून. अंदाज असेल तिथे ‘अंदाज’ असेच लिहिले आहे. आणि सर्वांत वर एक ओळ: हा संग्रह ज्यांनी केला, त्यांचे वाडवडील वेळूकाम करीत, या भांड्यांचा घाट त्यांना त्या कामावरून ओळखता आला.

कपाटाशेजारी आजपासून एक आसनही असेल. ते माझे. त्याची चिठ्ठी मी स्वतः लिहिली आहे: ‘विसाव्या शतकातील नक्कल. १९८९ साली अठराव्या शतकातील समजून विकत घेतली. डोळे मोजून पाहा.’ त्यावर मुलांनी खुशाल बसावे. मास्तरांची तशी परवानगी आहे.

मघाशी मी ‘वंश’ आणि ‘जिए’ या दोन शब्दांकडे परत येईन म्हणालो होतो. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण मराठी टिकवली, याचा आपणांस अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु केवळ वंश टिकला म्हणून घाट टिकतो असे नाही. माझ्या आसनातही वेळूचा वंश होता, गाठीत खरेपण नव्हते, कारण करणाऱ्याने वेळू पाहिला नव्हता. आपल्या मुलांना भाषेचे नुसते चित्र दाखवून चालणार नाही. सूप विणणाऱ्याची, बाजारात बसणाऱ्याची, घरातल्या आजीची जी मराठी आहे, तिच्यावरून त्यांचा हात फिरला पाहिजे.

व्याख्यान संपले की ग्रंथालय उघडे राहणार आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी आधी जावे, थोरांनी मागून. किटली हातात घेऊन पाहायची परवानगी बाईंनी दिली आहे. दोन्ही हातांनी धरावी, तोटी नाही याचे भान ठेवावे.